गोदाक्काचा टीव्ही आणि हौसाची नजर

घाटाखालच्या एका गावात गोदाक्का नावाची एक बाई राहायची. मनानं वाईट नव्हती, पण जिभेला हाड नव्हतं. तिच्या लेकानं पुण्याहून मोठा चपटा टीव्ही पाठवला आणि तिला आभाळ ठेंगणं झालं. तिनं तो शोकेसच्या खणात गच्च बसवला. वर स्वतः विणलेलं लोकरीचं कव्हर घातलं. बघताना पुढची बाजू वर टाकायची, मागची तशीच. धूळ बसायला नको ना!

शेजारची हौसाबाई रोज संध्याकाळी मालिका बघायला यायची. तिला ना नवरा, ना मूलबाळ. गोदाक्काचं घर हाच तिचा विसावा. एकदा तिनं टीव्हीला हात लावला. "अगं बाई, केवढा तापलाय हा! गोदे, ते कव्हर काढ आधी."

"तुला काय कळतंय त्यातलं?" गोदाक्का म्हणाली.

थोड्याच वेळात टीव्ही आपोआप बंद पडला. मग सुरू झाला, पुन्हा बंद. झालं! हौसानं हात लावला नि टीव्ही बंद पडला, म्हणजे दृष्टच की! गोदाक्कानं मीठ-मोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या, लिंबू-मिरची बांधली आणि कुणाची नजर पोचू नये म्हणून कव्हरावर जाड चादरही घातली. आता तर टीव्ही दहा मिनिटंसुद्धा टिकेना.

दुसऱ्या दिवशी नळावर सगळ्या बायकांदेखत ती बोलून गेली, "हौसाची नजर वाईट आहे बाई. तिला घरात घेऊ नका."

बिनलेकराच्या बाईबद्दल असलं बोलणं लोकांना लगेच पटतं, काय करावं! त्या आठवड्यात गावात दोन बारशी झाली. हौसाबाईला एकाही घरातून बोलावणं आलं नाही. ती दार लावून बसली.

पुढं तालुक्याहून मेकॅनिक आला. त्यानं चादर काढली, कव्हर काढलं. टीव्हीच्या मागची बारीक भोकं लोकरीच्या तंतूंनी आणि धुळीनं पार बुजली होती. त्यानं ती ब्रशनं साफ केली आणि टीव्ही मोकळ्या टेबलावर ठेवला.

"आत काही बिघाड नाही, मावशी. गरम हवा बाहेर पडायला वाटच नव्हती. भर उन्हात घोंगडी पांघरून बसल्यावर माणूस तरी टिकेल का?"

टीव्ही तीन तास न थांबता चालला. गोदाक्काचं तोंड मात्र उतरलं. ती तशीच अनवाणी हौसाकडे गेली.

"हौसा, चुकलं गं माझं. तू सांगत होतीस तेच खरं होतं."

हौसानं डोळे पुसले. "माझा राग नाही, गोदे. टीव्ही घटकेत गार झाला. गावाची तोंडं कशी गार करशील?"

मग गोदाक्का नळावर गेली, घरोघर गेली, स्वतःच्या तोंडानं स्वतःची चूक सांगत फिरली. बायका ऐकायच्या, मान डोलवायच्या, चहा पाजायच्या. पुढच्या बारशाला तिनं हौसाला हाताला धरून नेलं. हौसा पाळण्याजवळ येताच बाळाच्या आईनं बाळाला उचललं आणि आतल्या खोलीत नेलं. गोदाक्कानं हौसाचा हात घट्ट धरला आणि तिथंच उभ्या उभ्या रडली.

तात्पर्य: आपल्या हातची चूक दुसऱ्याच्या माथी मारू नये. बिघडलेली वस्तू दुरुस्त होते, पण माणसाचं घालवलेलं नाव परत आणणं घालवणाऱ्याच्याही हातात उरत नाही.