पाहुण्याचं ताट

फार पूर्वी, राजधानीला तटबंदी होती आणि तटबंदीच्या आत फुटबॉलचं मोठं मैदान होतं, तेव्हाची ही गोष्ट. त्या मैदानावर एक खेळाडू होता. चेंडू पायात आला की तो असा सुटायचा की लोक त्याला वावटळच म्हणत.

वावटळीचंही वय होतं. चाळिशी जवळ आली, जिना उतरताना गुडघे कुरकुरू लागले. संघाच्या प्रमुखांनी त्याला बोलावून गोड शब्दांत सांगितलं, की आता खेळणं पुरे, तुमच्यासाठी मखमली लोडाची जागा राखून ठेवली आहे, तिथे बसून खेळ बघा. तो एक सामना तिथे बसला. लोक खेळापेक्षा त्याच्याकडेच जास्त बघत होते. जिवंत माणसाची तसबीर करून भिंतीवर लावावी, तसं त्याला वाटलं.

त्याच आठवड्यात डोंगरापलीकडच्या एका लहान गावाचे पाटील खेचरावर बसून आले. त्यांनी हात जोडून, आमच्या गावाकडून खेळायला चला, अशी विनंती केली. मैदान लहान आहे, उताराचं आहे, पण माणसं खेळवेडी आहेत, म्हणाले. वावटळीने बोचकं बांधलं. राजधानीतले लोक हसले. वावटळ आता डोंगरात जाऊन शेळ्यांना गोल मारणार, अशी थट्टा वेशीपर्यंत त्याच्या मागे आली.

गावाने मात्र त्याला डोक्यावर घेतलं. राहायला पाटलांची माडी, बसायला घोंगडीवर चादर. जेवताना पाटलांची बहीण, जिला सगळं गाव आत्या म्हणे, ती स्वतः वाढायची. जेवण झालं की तो ताट उचलायला वाके आणि आत्या ते हातातून काढून घेई.

पहिल्या सामन्यात त्याने सात गोल मारले. दुसऱ्यात नऊ.

तो चक्रावला. संध्याकाळी ओट्यावर बसून त्याने गुडघे चाचपून पाहिले. तीच सूज, तीच कुरकुर. सकाळी विहिरीपर्यंत चालताना त्याला दोनदा थांबावं लागे. मग मैदानावर हे काय होतं? समोरचे गडी जवळ येत, पण पाय मध्ये पडत नसे. गोलकीपर नेमका चेंडूच्या उलट बाजूला झेपावे. डोंगरातल्या हवेचा गुण असेल? इथलं ताक? की राजधानीतल्यांनीच त्याला म्हातारं ठरवलं होतं? गुडघे खोटं बोलतात की गोल, हे त्याला काही केल्या ठरवता येईना.

गाव जिंकत सुटलं, तशी खोऱ्यातली बाकीची गावंही जागी झाली. एकाने कुठूनसा एक निवृत्त गोलंदाज पकडून आणला. त्याला फुटबॉल येत नव्हता, तरी त्याचेही चार गोल झाले. नदीकाठच्या गावाने राजधानीचाच एक जुना खेळाडू आणला. हा वावटळीचा तरुणपणचा प्रतिस्पर्धी. त्याचा डावा पाय आता अर्धवट ओढत चालायचा. गावागावातली तरणी पोरं मैदानाबाहेर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलू लागली.

मग वावटळीचं गाव आणि नदीकाठचं गाव समोरासमोर आली.

वावटळीने आपले गोल मारले. नंतर चेंडू त्या लंगड्याकडे गेला, आणि वावटळ मागे उभा राहून बघत राहिला. लंगडा पाय ओढत ओढत निघाला, मध्ये एकदा थांबून त्याने घाम पुसला. वाटेत वावटळीच्याच गावचा कुंभार उभा होता. या कुंभाराला चुकवणं बैलालाही जमलं नसतं. तो कुंभार चक्क बाजूला झाला आणि त्याने हात जोडले. लंगड्याने गोल मारला.

वावटळ कुंभाराजवळ गेला. "अडवलं का नाहीस?"

"पाव्हणं आहेत ते," कुंभार म्हणाला.

"म्हणून काय झालं?"

"पाव्हण्याच्या पायात पाय घालायचा? आमच्या खोऱ्यात नाही होत असलं."

वावटळीने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "आणि मी?"

कुंभार खाली बघू लागला. त्याला वाईट वाटत होतं, पण कशाचं ते कळत नव्हतं. "तुम्ही तर सगळ्यात मोठे पाव्हणं," तो म्हणाला.

कोणी फसवलं नव्हतं. हीच तर पंचाईत. फसवलं असतं तर भांडता आलं असतं. ही रीत त्यांच्या इतकी अंगवळणी पडलेली, की पाहुण्याला सांगावी असं कोणाला सुचलंच नव्हतं.

त्या दिवशी जेवताना त्याने आत्याला विचारलं, की या गावात पाहुणा पाहुणा राहत नाही तो कधी?

"आपलं ताट आपण उचललं, घासून पालथं घातलं, की संपलं पाव्हणपण," आत्या म्हणाली. "मग तो घरचा. घरच्याला कोण विचारतंय?"

पाटलांचा घास हातातच राहिला. आठ दिवसांवर जत्रेचा सामना होता, पुन्हा नदीकाठच्या गावाशीच, मानाच्या ढालीसाठी. एवढे आठ दिवस तरी पाहुणे राहा, मग काय ती भांडी घासा, अशी त्यांनी विनवणी केली. "उद्यापासून तुम्हाला कोणीही पाडेल," ते म्हणाले. "मग आम्हाला कळेल तुमच्यात काय उरलंय. आणि तुम्हालाही कळेल."

नेमकी हीच भीती वावटळीला होती. काहीच उरलं नसेल तर? आज त्याच्याकडे निदान गोल तरी होते. तो ताटासमोर बसून राहिला. बोटांवरची आमटी वाळली. मखमली लोड सोडून इतक्या लांब आपण कशासाठी आलो, हे त्याने आठवायचा प्रयत्न केला. मान मिळवायला? तो तर तिथेही होता.

त्याने ताट उचललं आणि न्हाणीपाशी जाऊन राखेने घासलं. कडेला भाताची दोन शितं राहिली.

"नीट घासा की," आत्या म्हणाली. त्या गावात त्याला कोणी रागावलं, ते हे पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी सरावात कुंभाराने त्याच्या पायातला चेंडू काढून घेतला आणि वावटळ तोंडावर आपटला. कुंभाराचा चेहरा पांढरा पडला. वावटळीने तोंडातली माती थुंकली आणि तो म्हणाला, "परत."

जत्रेच्या दिवशी डोंगरावर माणूस मावत नव्हता. वावटळीच्या पायातला चेंडू अकरा वेळा हिसकावला गेला. समोर लंगडा मात्र सुखात हिंडत होता. त्याला अजून कोणीच अडवत नव्हतं. बावीस गोल झाले त्याचे. एकदा तो जवळून जाताना वावटळीने विचारलं, "ताट कोण उचलतं रे तुझं?"

"गप्प बस," लंगडा म्हणाला. "चाललंय ते बरं चाललंय."

बाराव्या वेळी चेंडू वावटळीकडे आला तेव्हा तिघे त्याच्या अंगावर धावले. पळणं त्याच्याच्याने होणार नव्हतं. पण पळायचं नाही म्हटल्यावर त्याला सगळं मैदान दिसलं, आणि उताराच्या कडेला एकटा उभा असलेला कुंभारही दिसला. खाली पडता पडता त्याने चेंडू तिकडे ढकलला. कुंभाराने मारला. गोलकीपर या खेपेला चेंडूच्याच बाजूला झेपावला, आणि तरी चेंडू आत गेला.

क्षणभर कोणाला काही समजेना. गाव तर बावीस विरुद्ध एक असं हरलं होतं. पण शेंगा सोलणारी पोरं उठून उभी राहिली होती आणि कुंभाराची म्हातारी रडत होती. ढाल गेली म्हणून पाटील दोन दिवस वावटळीशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांनीच विचारलं, "चेंडू कुंभाराकडे द्यायचा, हे तुम्हाला दिसलं कसं?" आपण नक्की हरलो की जिंकलो, यावर गावात आजही भांडण आहे.

बावीस गोलांबद्दल कोणी भांडत नाही. ते कोणाच्या लक्षातही राहिले नाहीत.

महिन्याभराने नदीकाठच्या गावाहून निरोप आला. त्यांचा लंगडा पाहुणा जेवण अर्धवट टाकून उठला होता, आणि पाय ओढत, ताट हातात धरून, भांड्यांची राख कुठे ठेवता म्हणून विचारत होता.

तात्पर्य: ज्याला कोणीच अडवत नाही, त्याला अजून कोणी खेळात घेतलेलंच नसतं.