मोंतारेलचा दोर

दक्षिण फ्रान्समध्ये, रोन नदीच्या खोऱ्यात, एका पांढऱ्या खडकावर मोंतारेल नावाचे जुने शहर वसले आहे. पाहुणे येतात ते रोमन कमान आणि कॅथेड्रलच्या रंगीत काचा बघायला, नाहीतर ऑलिव्हच्या बागांमधून खाली नदीपर्यंत फिरून यायला. उत्तरेच्या तटावर आपणहून फारसे कोणी जात नाही, कारण तिथला वारा माणसाला उभे राहू देत नाही. ज्यांना ओगुस्त आजोबा वाटाड्या म्हणून मिळतात, ते मात्र जातात. त्या तटाच्या कठड्यावर एके ठिकाणी दगडाला खोल, गुळगुळीत खाच पडली आहे. ही कशाची, असे कोणी विचारले की आजोबा टोपी कानांवर ओढून कठड्याच्या आडोशाला बसतात. अभ्यासकांच्या मते इथे पूर्वी पाणी वर ओढायचा रहाट असावा. असेलही, आजोबा म्हणतात. शहरात मात्र निराळे सांगतात.

फार पूर्वी मोंतारेलच्या वेशीवर गिलेम नावाचा राखणदार होता. बायको लवकर गेली, तेव्हापासून त्याचे सारे जग म्हणजे वेशीचा दरवाजा आणि मुलगी फ्लोरेता. माणूस अबोल, पण शब्दाचा पक्का. गिलेमने सांगितले म्हणजे ते तसेच असणार, असे शहरात म्हणत. फ्लोरेता मोठी झाली, तेव्हा त्याने तिला नदीकाठच्या गावातल्या एका नावाड्याला दिली. सणावाराला ती माहेरी येई आणि बाप दिवसभर दारात बसून तिची वाट बघे.

त्या वर्षी समुद्राकडून होड्या वर आल्या आणि होड्यांबरोबर महामारी आली. नदीकाठची गावे एकामागून एक ओस पडू लागली. मोंतारेलच्या पंचांनी सभा घेतली आणि वेस बंद करायचे ठरवले. त्यांचा प्रमुख पोन्स याने गिलेमला कॅथेड्रलमध्ये नेले. पंचांच्या हुकुमाशिवाय दरवाजा उघडणार नाही, अशी शपथ गिलेमने सगळ्यांदेखत घेतली.

द्राक्षे पिकायला लागली होती, त्या सुमारास एका सकाळी वेशीबाहेर माणसे येऊन उभी राहिली. नदीकाठचीच होती सगळी, अंगावरच्या कपड्यांनिशी निघालेली. गिलेमने झरोक्यातून पाहिले, तर सगळ्यांत पुढे फ्लोरेता होती.

"नवरा कुठे आहे तुझा?" त्याने विचारले.

"पुरून आले, बाबा."

गिलेमचा हात दिंडी दरवाजाच्या अडसरावर गेला. त्या एका अडसराखेरीज बापलेकीच्या मध्ये काही नव्हते. बाहेरून फ्लोरेताने लाकडावर तळवा टेकला आणि खालच्या आवाजात म्हणाली, "उघडू नका. माझ्या मागे इतकी माणसं आहेत. मला एकटीला आत घेतलंत, तर यांच्या तोंडाकडे कसं बघू मी? आणि आमच्यातल्या कोणाच्या अंगात दुखणं असलं, तर तुमच्या शहराचं काय?"

"मग काय करू?"

"खायला द्या. एवढंच करा."

गिलेमने अडसर सोडला आणि तो पंचांकडे गेला. पंच कबूल होईनात. खाली गेलेली टोपली वर आली की तिच्याबरोबर दुखणेही वर येईल, असे त्यांचे म्हणणे. ते अगदीच चुकीचे होते असेही नाही. तेव्हा गिलेमने दुसरी शपथ घेतली. उत्तरेच्या कड्याखाली मोठी कपार आहे, त्या माणसांनी तिथे राहावे. आपण वरून दोराने पाव सोडू. दोराला आणि टोपलीला शहरातल्या दुसऱ्या कोणाचा हात लागणार नाही. आणि ती माणसे वेशीतून आत येईपर्यंत आपण तटावरून खाली उतरणार नाही.

पोन्सने बराच विचार केला. शहरातही धान्य जेमतेमच होते. शेवटी तो म्हणाला, "गिलेम, तू आमची इतकी वर्षं चाकरी केलीस, म्हणून तुझ्या लेकीसाठी हे मान्य करतो. ती आहे तोवर पाव सोड. ती गेली, की दोर कापायचा. बाकीच्यांना पोसायची शहराची ताकद नाही."

ही अट गिलेमने वेशीच्या झरोक्यातून फ्लोरेताला सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतली. मग ती सगळ्यांना घेऊन तटाला वळसा घालून कपारीकडे गेली, आणि गिलेम तटावर चढला.

कपार कड्याच्या पोटात आहे, वरून दिसत नाही. वारा खडकावर असा आपटतो की खालची हाक वर पोचत नाही. म्हणून त्यांच्यात उरला तो फक्त दोर. लोक जिन्याच्या पायथ्याशी पाव ठेवून मागे सरत. गिलेम ते टोपलीत भरून कठड्यावरून सोडी. खाली टोपली रिकामी झाली की फ्लोरेता दोर ओढे. आधी हळूच, मग जरा थांबून एक झटका. तिची ती रीतच होती. लहानपणी बापाची बाही ती तशीच ओढायची. गिलेम वरून एकदा दोर हलवी आणि टोपली वर घेई. बापलेकीचे दिवसभराचे बोलणे ते एवढेच.

रोज संध्याकाळी पोन्स जिन्याच्या पायथ्याशी येऊन उभा राही. "लेक आहे?" तो विचारी. "आहे," गिलेम सांगे, आणि दुसऱ्या दिवशी पाव येत.

द्राक्षांची तोडणी झाली. मळ्यांची पाने लाल होऊन गळायला लागली. तटावरच्या उघड्या जागेत गिलेमची दाढी वाढली, दोराने तळहात फाटले. वाऱ्याचा जोर वाढला तेव्हा कोणीतरी त्याच्यासाठी मेंढीचे कातडे जिन्यावर ठेवून गेले, म्हणे. एका पंचाची बायको होती असे काही जण सांगतात.

मग एका सकाळी टोपली खाली गेली आणि बराच वेळ दोर निश्चल राहिला. गिलेम कठड्यावर ओणवा होऊन वाट बघत राहिला. शेवटी दोर हलला. आधी हळूच, मग थांबून एक झटका. सगळे तसेच होते. गिलेमने दोर घट्ट धरून ठेवला, लगेच हलवला नाही. त्या झटक्यात कुठेतरी घाई होती. हात निराळा होता.

तो किती वेळ तसा उभा होता ते कोणालाच ठाऊक नाही. मग त्याने रोजच्यासारखा एकदा दोर हलवला आणि टोपली वर घेतली.

संध्याकाळी पोन्स आला. "लेक आहे?" त्याने विचारले.

गिलेमने दोराकडे पाहिले. जन्मात तो खोटे बोलला नव्हता. मग म्हणाला, "दोर हलतो आहे."

दुसऱ्या दिवशी पाव आले. त्यानंतर रोज पोन्सचा प्रश्न तोच असे, आणि गिलेमचे उत्तरही तेच. पोन्सला त्यात काही वावगे वाटले नाही.

पहिले कडक थंडीचे दिवस आले आणि महामारी ओसरली. नदीकाठी मेलेल्यांचे कपडे जाळत त्याचा धूर थांबला, पंचांनी हुकूम दिला आणि वेशीचा दरवाजा उघडला. कपारीतली माणसे वेशीतून आत आली, तेव्हा गिलेम तटावरून उतरला. इतके दिवस सपाट जमिनीवर चालला नव्हता, त्यामुळे त्याला धरून आणावे लागले. ती माणसे वेशीत उभी होती. खंगलेली होती, पण बरीचशी जिवंत होती. सगळ्यांत शेवटी रिसेंदा नावाची एक परटीण पुढे आली. ती सरळ गिलेमपुढे येऊन गुडघ्यांवर बसली.

"तुमची लेक नाही आली," ती म्हणाली. "तापाने गेली. जाताना मला शिकवून गेली, दोर कसा ओढायचा ते. म्हणाली, बाबांना कळलं तर ते सांगून टाकतील, त्यांना खोटं बोलता येत नाही. मी तुम्हाला फसवलं."

"नाही फसवलंस," गिलेम म्हणाला. "मला त्याच दिवशी कळलं होतं."

रिसेंदा त्याच्याकडे बघत राहिली. "मग तुम्ही दोर का नाही सोडून दिलात?"

"खाली कोणीतरी होतंच ना. भूक लागत असेल."

पोन्स बाजूलाच उभा होता. तो पुढे झाला. "आणि मी रोज विचारत होतो, तेव्हा तू मला काय सांगत होतास?"

"दोर हलतो आहे, एवढंच. तो हलतच होता."

पोन्सच्या हाती शिक्षा होती. गिलेमने अट मोडली होती, आणि तो खोटे बोलला की नाही यावर पंच भांडू शकले असते. पण त्या वेळी वेशीत उभी असलेली माणसे मोजकी नव्हती, आणि त्यांतल्या प्रत्येकाच्या पोटात मोंतारेलचा पाव होता. पोन्सने डोक्यावरची टोपी काढली आणि तो घरी निघून गेला. त्या विषयावर तो पुन्हा कधी बोलला नाही. गिलेम रिसेंदाला घेऊन कपारीपाशी गेला. तिने फ्लोरेताला पुरलेली जागा दाखवली. तिथे तो दिवस मावळेपर्यंत बसला आणि मग परत येऊन वेशीवरच्या आपल्या कामाला लागला. मरेपर्यंत त्याने ते केले. रिसेंदा त्याच शहरात राहिली. म्हातारपणी गिलेमचे कपडे तीच धुवायची, असे सांगतात.

आजही मोंतारेलमध्ये हिवाळ्याच्या तोंडाशी एका रविवारी उत्तरेच्या तटावरून पाव सोडतात. टोपली कपारीपाशी पोचते आणि खाली जमलेल्यांपैकी कोणीतरी दोर ओढते. कधी शेजारच्या गावची बाई असते, कधी भाषा न कळणारा प्रवासी. शहराचा महापौर तटाच्या जिन्याच्या पायथ्याशी उभा राहतो आणि मोठ्याने विचारतो, "आहे?" वरचा माणूस सांगतो, "दोर हलतो आहे." मग दुसरी टोपली भरायला घेतात. दोर कोणी ओढला, ते विचारायची त्या शहरात पद्धत नाही.