पानाच्या व्यापाऱ्याचे विरजण

एकदा एक विड्याच्या पानांचा व्यापारी वृद्ध वैद्यांच्या दारी आला आणि बराच वेळ हवापाण्याविषयीच बोलत बसला. वैद्यांच्या शिष्याने ओळखले, दुखणे चारचौघांत सांगण्यासारखे नाही. शेवटी मान खाली घालून व्यापारी म्हणाला, "वैद्यबुवा, लग्नाला वर्ष झाले नाही आणि मनातली इच्छाच मेली. जवळ जावे तर शरीर साथ देत नाही. बायकोला वाटते, ती मला आवडत नाही. जेवणानंतर हाताने विडा द्यायची, तोही बंद झाला. आता माहेरी जाते म्हणते."

शिष्य लगबगीने अश्वगंधेची बरणी घेऊन आला. वैद्यांनी ती ओट्यावर ठेवायला लावली आणि झोपेची चौकशी केली. टोपल्यांतली पाने कुजू नयेत म्हणून व्यापारी रात्रीतून कितीदा तरी उठून ती फिरवत असे. गड्यांवर त्याचा भरवसा नव्हता.

वैद्यांनी मडक्यात कोमट दूध ओतले, विरजण लावले आणि मडके त्याच्या हाती देत सांगितले, "पाने फिरवायला उठाल, तेव्हा हेही ढवळा. उद्या दही घेऊन या."

शिष्य बुचकळ्यात पडला. मनुष्य औषध मागतो आणि गुरुजी दही लावतात!

दुसऱ्या दिवशी मडक्यात नुसते आंबूस, पातळ पाणी होते. दूधच वाईट असावे, असे व्यापारी पुटपुटला.

वैद्य हसले. "दूध चांगले होते, विरजणही चांगले होते. तुम्ही त्याला स्वस्थ राहू दिले नाही. पुरुषाचे बळही असेच गाढ झोपेत जमून येते. रोज ढवळलेत, तर सकाळी काय हाती लागणार? आधी पोटभर झोपा आणि बायकोला खरे सांगा. त्यानंतरही उणे राहिले, तर बरणी कुठे पळून जात नाही."

"पण पाने कुजतील हो."

"चार कुजू द्या. संसार टिकेल."

व्यापाऱ्याने घरी धीर करून सगळे सांगितले. बायको पानमळ्यातच वाढलेली. तिने संध्याकाळीच पाने निवडून सैल रचली, ओल्या गोणपाटाने झाकली आणि उजाडेपर्यंत टोपलीला हात लावायचा नाही, असे नवऱ्याला बजावले.

महिन्याभराने व्यापारी घट्ट दह्याचे मडके घेऊन आला. त्याचे ओठ विड्याने लालबुंद झाले होते.

ओट्यावरची बरणी शिष्याने हसू दाबत पुन्हा फळीवर ठेवली.