बिनग्रहणाचं मुसळ

“मग पडलं?” बुवांनी विचारलं.

“पडलं.”

“किती वेळा?”

“जितक्या वेळा उभं केलं, तितक्या वेळा,” हणमंत म्हणाला आणि मान खाली घालून ओसरीवर बसला.

मठापुढे तळं होतं. त्यावर चैत्रातली दुपार अशी पसरली होती की पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं, ते कळत नव्हतं. एक कमळपक्षी त्या दोन्हींच्या मधून चालत गेला.

हणमंत याच मठात वाढला, बुवांच्या हाताखाली. मग शहरात जाऊन पदार्थविज्ञान शिकला आणि आता गावोगाव प्रयोग दाखवत हिंडायचा. लिंबातून रक्त काढायचा, पाण्यावर सुई तरंगवायचा, लोकांच्या मनातली भुतं पळवायचा. काम मोलाचं होतं, यात शंका नाही. फक्त प्रयोग संपल्यावर तो समोरच्यांकडे असा बघायचा, की आपण किती अडाणी आहोत हे त्यांना घरी जाईपर्यंत आठवत राहावं.

आज सकाळी मात्र तोच तोंडघशी पडला होता. आणि तोही धाकट्या बहिणीच्या, सगुणाच्या सासरी.

परवा सूर्यग्रहण लागणार होतं. सगुणाला नववा महिना लागलेला. तिच्या सासरी रीत अशी, की ग्रहण लागलं म्हणजे सासूने परातीत पाणी घालून त्यात मुसळ उभं करायचं. ते आधाराशिवाय उभं राहतं, कारण ग्रहण आहे. ते पडलं की ग्रहण सुटलं. तोवर गर्भार बाईने दार लावून अंधारात बसायचं, पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. मागच्या ग्रहणात थोरली जाऊ त्या खोलीतच चक्कर येऊन पडली होती.

“मी तिच्या सासूबाईंना, मावशींना म्हटलं, मुसळ कधीही उभं राहतं. तळ सपाट आहे, तोल साधला की झालं. ग्रहणाचा काही संबंध नाही.”

“मग?”

“येसाबाई मावशी म्हणाल्या, ‘आज ग्रहण नाही. आज उभं करून दाखव, ग्रहणात मी माझ्या हाताने सुनेला पाणी देते.’” हणमंतने कपाळ चोळलं. “अख्खी आळी जमली होती, बुवा. मी उभं करायचो, ते आडवं व्हायचं. पोरं टाळ्या वाजवायला लागली. आता तर सगळ्यांची खात्रीच पटलीय. आणि सगुणा दारामागून बघत होती...”

बुवांनी तळ्याकडे पाहिलं.

“उद्या पुन्हा जातोय,” हणमंत म्हणाला. “उद्या पडणार नाही.”

“का?”

हणमंतने खिशातून मेणाचा गोळा काढला आणि बुवांसमोर ठेवला. उन्हाने तो मऊ झाला होता.

“मुसळाच्या तळाला लावतो. वर पाणी. कुणाला दिसणार नाही.” मग नजर चुकवत म्हणाला, “गोष्ट तर खरीच आहे ना? खऱ्यासाठी एवढंसं मेण...”

बुवा उठले. स्वयंपाकघरातून पितळी परात आणि मठाचं जुनं मुसळ घेऊन आले. मेण तळव्यात मळलं, मुसळाच्या बुडाला लावलं, मुसळ परातीत दाबून उभं केलं. मग तांब्याने वर पाणी ओतलं.

मुसळ छान उभं राहिलं.

“हं. ग्रहण लागलं,” बुवा म्हणाले आणि भिंतीला टेकून बसले.

बराच वेळ गेला. पिंपळाची सावली ओसरीच्या कडेला आली. हणमंतची चुळबुळ सुरू झाली.

“बुवा?”

“ग्रहण सुटलं,” बुवा म्हणाले. मुसळाला त्यांनी बोटाने ढकललं. ते हललं नाही. “सगुणा पाणी मागतेय. हे पडल्याशिवाय कोण देणार?”

हणमंत त्या मुसळाकडे बघतच राहिला. मेण त्याने नखांनी खरवडून काढलं आणि दूर तळ्याच्या काठावर भिरकावलं.

“मग मी काय करू?” तो म्हणाला. या वेळी तो खरंच विचारत होता.

“येसाबाई कसं उभं करतात?”

“कसं म्हणजे? तळ सपाट...”

“तळाचं नको सांगू. त्या काय करतात?”

हणमंतने डोळे मिटले. मागच्या ग्रहणाला तो तिथे होता, हसायला म्हणून गेला होता.

“चूल बंद असते,” तो आठवत म्हणाला. “कुणाशी बोलत नाहीत. परातीपाशी बसतात. दोन्ही तळव्यांत मुसळ धरतात, जसं लहान मूल धरावं तसं. आणि नुसत्या बसून राहतात. मग हात सुटलेले असतात... कधी सुटले, ते दिसत नाही.”

“आणि तू?”

“मी म्हटलं, हे बघा.”

बुवा हसले नाहीत. त्यांनी परात त्याच्याकडे सरकवली.

हणमंतने मुसळ उभं धरलं. ते पडलं. पुन्हा धरलं. पुन्हा पडलं. त्याला आळीतल्या टाळ्या ऐकू आल्या, मग त्याही ऐकू येईनाशा झाल्या. परातीतलं पाणी हळूहळू शांत झालं. पाण्यात दुसरं एक मुसळ होतं, खाली आभाळात गेलेलं, आणि वरचं मुसळ त्याच्यावर टेकलं होतं. आपण नक्की कुठलं धरलंय, हे हणमंतला कळेना. लाकूड एकदा या तळव्याला लागे, एकदा त्या. मग कुठल्याच तळव्याला लागेना. तळ्यावरून वारा आला आणि पडला. कुठेतरी मासा वर येऊन गेला. सगुणा लहान होती तेव्हा याच काठावर त्याचं बोट धरून उभी राहायला शिकली होती, ते त्याला आठवलं. किती वेळ गेला, कोण जाणे.

त्याने पाहिलं तेव्हा त्याचे हात मांडीवर होते.

मुसळ उभं होतं.

आकाशात लख्ख सूर्य होता. ग्रहण परवा लागायचं होतं. परातीतल्या पाण्यात ते जुनं, झिजलेलं लाकूड एकटं उभं होतं.

हणमंतचे डोळे भरून आले. श्वासाने मुसळ पडेल, म्हणून त्याने तोंडावर हात धरला.

मग त्याचा चेहरा उजळला. छाती हळूहळू फुगली.

“बुवा, सकाळीच निघतो,” तो म्हणाला. “सगळी आळी गोळा करतो. मावशींसमोर असं उभं करतो, की पुन्हा तोंड उघडायला जागा उरणार नाही.”

बुवांनी परातीच्या काठावर टिचकी मारली.

मुसळ धाडकन आडवं झालं. हणमंतचं धोतर ओलंचिंब झालं. तो बुवांकडे बघत राहिला, आधी रागाने, मग नुसताच.

“मग... उद्या उभं कुणी करायचं?”

“येसाबाईंनी. ग्रहण नसताना, त्यांच्याच हाताने,” बुवा म्हणाले. “तू सगुणाचा तांब्या भरून ठेव.”