झेपूरावाचं लाल उपरणं

एक होता मंगळवार. साधाच मंगळवार.

सकाळी दूध उतू गेलं. फुस्स! आईनं ओटा पुसला. मग देवघरातल्या बाळकृष्णाला आंघोळ घातली. त्याचं पिवळं झबलं धुतलं, गॅलरीतल्या दोरीवर वाळत टाकलं आणि चिमटा लावला. चट्!

मग फोन वाजला. ट्रिंग ट्रिंग. ट्रिंग ट्रिंग.

आई फोनवर नुसतं "हं... हं..." म्हणाली. मग खाली बसली. इरूला जवळ घेऊन म्हणाली, "इरू, आजोबा वारले गं. आता ते येणार नाहीत."

"शनिवारी?" इरूनं विचारलं.

"शनिवारी नाही. कधीच नाही."

घर गप्प झालं. माणसं आली, माणसं गेली. घरात कुणी वारलं की देवघराला काही दिवस हात लावत नाहीत. तेरा दिवस कुणी लावला नाही. चौदाव्या दिवशीही कुणाला सुचलं नाही. बाळकृष्ण तसाच राहिला. दोरीवरचं झबलं तसंच राहिलं.

आणि खिडकीत झेपूराव तसाच उभा राहिला.

झेपूराव कोण? झेपूराव म्हणजे सुपरहिरो! केवढा? इरूच्या बोटाच्या दोन पेरांएवढा. निळे पाय, पिवळा पट्टा, डोळ्यांवर काळी पट्टी. एका छोट्या खोक्यात तो आजोबांबरोबर आला होता. खोक्यात जोडायचे ठोकळे होते, त्यांची झेपूरावासाठी निळी गाडी व्हायची. खडखड खडखड!

आजोबांची एक पद्धत होती. नवा खोका आणला की ठोकळे ताटात ओतायचे. मोजायचे. जोडायचे. मग वही काढायची. त्या वहीचं नाव शेऱ्यांची वही. खेळ कसा आहे ते इरू सांगायची आणि आजोबा लिहायचे. शेवटची ओळ मात्र आजोबा स्वतःच्या मनानं लिहायचे. ट्रॅक्टरला त्यांनी लिहिलं होतं, "पायाला फार टोचतो. तरी घ्यावा." इंजिनाला लिहिलं होतं, "आम्हा दोघांना आवडलं. इरूची आई ओरडली. तरी घ्यावं."

आणखी एक नियम होता. अपुऱ्या खेळाला शेरा नाही. अपुरा खेळ माळ्यावर.

झेपूरावाच्या खोक्यात त्रेसष्ट तुकडे होते. बासष्ट जोडून झाले. उरलं एक. लाल कापडाचं, पाठीवर घालायचं. खोक्यावर त्याचं नाव होतं केप. आजोबा म्हणाले, "केप कसली? उपरणं आहे ते! झेपूरावांचं उपरणं. इराबाई, ते शनिवारी घालू. मानाचं काम आहे, घाई नको." आणि ते आत्याच्या गावाला गेले.

आता पंधरावा दिवस. आई म्हणाली, "इरू, संध्याकाळी आवरू हं. ह्या झेपूरावाचं उपरणं काही सापडत नाही बघ. अपुरा खेळ माळ्यावर."

इरू भिंतीला टेकून बसली होती.

झेपूरावानं ते ऐकलं. माळ्यावर! माळ्यावर अंधार. माळ्यावर कोळी. उपरण्याशिवाय तो कसा उडणार? आणि शेऱ्याशिवाय तो कसला सुपरहिरो?

टुपकन त्यानं खाली उडी मारली. चालायला लागला. टक टक टक. टक टक टक.

देवघरात बघतो तर काय! बाळकृष्णाच्या अंगावर लाल लाल उपरणं! त्या मंगळवारी ते वाऱ्यानं खिडकीवरून घरात खाली पडलं होतं. आईला वाटलं, देवाचंच वस्त्र. तिनं ते देवाला घालून टाकलं.

झेपू म्हणाला, "बाळकृष्णा, बाळकृष्णा, माझं उपरणं दे ना!"

बाळकृष्ण म्हणाला, "देईन की, झेपूराव! पण माझं झबलं कुठंय? झबल्याशिवाय मी उघडा. आधी झबलं आण, मग उपरणं घे."

टक टक टक. झेपू गेला झबल्याकडे. झबलं दोरीवर लोंबत होतं.

झेपू म्हणाला,
"बाळकृष्ण देईना,
माझं उपरणं मिळेना.
झबल्या, झबल्या, निघ ना!"

झबलं म्हणालं, "निघेन की, झेपूराव! मीही कंटाळलोय. पंधरा दिवस वाळतोय, किती वाळू? पण चिमटा सुटत नाही. आधी चिमट्याला सांग."

टक टक टक. झेपू गेला चिमट्याकडे. दोन पावलंच. पण गेला.

झेपू म्हणाला,
"झबलं निघेना,
बाळकृष्ण देईना,
माझं उपरणं मिळेना.
चिमट्या, चिमट्या, सूट ना!"

चिमट्याचं तोंड घट्ट मिटलेलं. तो दातातल्या दातात म्हणाला, "म्म्म्... सुटेन की, झेपूराव! पण दवानं माझी स्प्रिंग गंजलीय. म्म्म्... आधी थेंबभर तेल आण."

टक टक टक. झेपू गेला तेलाच्या बुधलीकडे. बुधली स्वयंपाकघरात, फळीवर, उंच.

झेपू म्हणाला,
"चिमटा सुटेना,
झबलं निघेना,
बाळकृष्ण देईना,
माझं उपरणं मिळेना.
बुधले, बुधले, उतर ना!"

बुधली म्हणाली, "उतरेन की, झेपूराव! पण मी अशी गोल गरगरीत. उडी मारली तर फुटेन की रे! आधी स्टुलाला बोलाव."

टक टक टक. झेपू गेला स्टुलाकडे. स्टूल कोपऱ्यात झोपलं होतं.

झेपू म्हणाला,
"बुधली उतरेना,
चिमटा सुटेना,
झबलं निघेना,
बाळकृष्ण देईना,
माझं उपरणं मिळेना.
स्टुला, स्टुला, सरक ना!"

स्टूल म्हणालं, "सरकेन की, झेपूराव! चार पाय आहेत मला. पण एकही चालत नाही. इरू ढकलते तेव्हाच मी सरकतो. आधी इरूला उठव."

टक टक टक. झेपू गेला इरूकडे. इरू भिंतीला टेकून बसली होती. गुडघे पोटाशी. हनुवटी गुडघ्यावर.

झेपू म्हणाला,
"स्टूल सरकेना,
बुधली उतरेना,
चिमटा सुटेना,
झबलं निघेना,
बाळकृष्ण देईना,
माझं उपरणं मिळेना.
इरू, इरू, ऊठ ना!"

इरू म्हणाली, "उठेन की, झेपूराव. पण आधी आजोबा येऊ देत."

झेपू म्हणाला, "एवढंच ना? मी बोलावतो!"

टक टक टक. झेपू गेला दाराकडे.

झेपू म्हणाला,
"इरू उठेना,
स्टूल सरकेना,
बुधली उतरेना,
चिमटा सुटेना,
झबलं निघेना,
बाळकृष्ण देईना,
माझं उपरणं मिळेना.
आजोबा, आजोबा, या ना!"

दारात आईच्या चपला होत्या. इरूच्या चपला होत्या. आजोबांच्या चपला नव्हत्या.

झेपू थोडा वेळ थांबला.

कुणी आलं नाही.

टक. टक. टक. झेपू परत आला. हळूहळू आला.

"आले?" इरूनं विचारलं.

"नाही," झेपू म्हणाला.

"येणारच नाहीत ते. आई म्हणाली."

"हं," झेपू म्हणाला.

"मग आता तू कुणाकडे जाणार?"

"कुणाकडेच नाही."

"मग काय करणार?"

"बसतो," झेपू म्हणाला. "तुझ्याजवळ."

झेपूचे पाय गुडघ्यात वाकत नाहीत. कमरेत वाकतात. कट्! तो बसला. पाय सरळ पुढे. इरूच्या पायाच्या अंगठ्याला टेकून बसला. त्यानं काही मागितलं नाही. 'ऊठ' म्हटलं नाही. 'दे' म्हटलं नाही. 'आण' म्हटलं नाही.

दोघं बसली.

खिडकीतून वारा आला. बारीकसा वारा. झेपू एवढासा, हलका. टप्! तो पालथा पडला.

इरूनं त्याला उचललं. त्याची पाठ पाहिली. निळी, गुळगुळीत, उघडी पाठ.

"अगंबाई!" इरू म्हणाली. "तुझ्या पाठीला गार लागत असेल."

"थोडंसं," झेपू म्हणाला.

"मग सांगायचं ना!"

"सांगत तर होतो. सगळ्यांना."

इरूला हसू आलं. बारीकसं. तिनं झेपूला मुठीत धरलं. आणि इरू उठली!

इरू उठली, तिनं स्टूल ढकललं. स्टूल सरकलं. घर्र घर्र घर्र!

आवाज ऐकून आई आली. "काय गं इरू? काय हवंय?"

"तेल."

"तेल? कशाला?"

"चिमट्याला. त्याचं तोंड उघडत नाही."

आईनं इरूकडे पाहिलं. पंधरा दिवसांत इरूनं पहिल्यांदाच काही मागितलं होतं. आईनं आणखी काही विचारलं नाही. तिनं स्टूल धरलं. इरू चढली.

बुधली उतरली. डुबुक डुबुक!

चिमट्याला तेल लागलं. एक थेंब. दोन थेंब. चिमटा म्हणाला, "म्म्म्... म्म्म्... आहाहा!" चट्! चिमटा सुटला.

चिमटा सुटला, झबलं निघालं. फडफड फडफड!

"अरे, हे इथंच राहिलं की!" आई म्हणाली. तिनं झबलं गालाला लावलं. ते उन्हानं कडक झालं होतं. "आणि मग देवाच्या अंगावर काय आहे?"

दोघी देवघराशी गेल्या. आधी इरूनं पाहिलं. मग आईनं.

"अगं आई गं!" आई म्हणाली. "हे उपरणं! मीच घातलं की काय?"

"तूच घातलंस. बाळकृष्ण सुपरहिरो झाला!" इरू म्हणाली. "बरं झालं, उडून नाही गेला."

आई हसली. मग पदरानं डोळे पुसले. मग पुन्हा हसली. हसता हसता तिनं समई पुसली, वात घातली.

बाळकृष्णाला झबलं मिळालं. पिवळं पिवळं झबलं.

बाळकृष्णानं उपरणं दिलं. "घ्या, झेपूराव! छान आहे हो तुमचं. उबदार आहे. फक्त लोणी खाताना मध्ये येतं."

इरू उठली,
स्टूल सरकलं,
बुधली उतरली,
चिमटा सुटला,
झबलं निघालं,
बाळकृष्णानं दिलं,
झेपूरावाचं उपरणं झेपूरावाला मिळालं!

उपरणं घालणं मानाचं काम. घाई नाही केली. इरूनं आधी झेपूचं डोकं काढलं. टक्! उपरण्याचं भोक मानेत घातलं. डोकं परत लावलं. टक्!

त्रेसष्ट तुकडे झाले. एकही कमी नाही.

इरूनं झेपूला उंच धरलं. झूऽऽऽम! झेपू स्टुलावरून उडाला. झूऽऽऽम! बुधलीवरून उडाला. झूऽऽऽम! चिमट्यावरून उडाला. चिमटा म्हणाला, "वा, झेपूराव, वा!" आता त्याला नीट बोलता येत होतं.

संध्याकाळी आईनं आवरलं. खोका माळ्यावर गेला नाही.

आईनं शेऱ्यांची वही काढली. पेन घेतलं. "सांग," ती म्हणाली.

इरू सांगायला लागली. आई लिहायला लागली.

"सुपरहिरोचा खोका. छोटा. तुकडे त्रेसष्ट. सगळे आहेत.
गाडी निळी आहे. छान पळते. डावं चाक निघतं. परत लावता येतं.
झेपूराव नीट उभा राहतो. नीट बसतो. गुडघे वाकत नाहीत. वारा आला की पडतो.
उपरणं लाल आहे. देवालाही बसतं.
झेपूराव चांगला आहे. तो जवळ बसतो."

आईचं पेन थांबलं.

"झालं?" तिनं विचारलं.

"माझं झालं," इरू म्हणाली. "आता शेवटची ओळ. ती आजोबांची."

"हो," आई म्हणाली. "ती आजोबांची."

आईनं पेनाचं टोपण लावलं. वही उघडीच ठेवली. झेपूरावाला खिडकीत उभं केलं. वारा आला. उपरणं हललं. फरफर फरफर.

झेपूराव पडला नाही. इरूनं त्याचे पाय ठोकळ्यावर घट्ट बसवले होते.

इरू झोपली. आई झोपली. बाळकृष्ण झबलं घालून झोपला.

शेवटची ओळ लिहायची राहिली.