नाव नसलेला नाचरा बैल

एका गावात एक सुतार होता. तान्ह्या पोळ्याला पोरंसोरं दोरीनं ओढत नेतात ना, ते लाकडी बैल तो करायचा. पण त्याचे बैल ओढावे लागत नसत, आपले आपण चालत. कसे, ते विचारत बसू नका. गोष्टीतले बैल आहेत ते.

सुताराकडे बैलाचा एक साचा होता. त्यातून निघालेल्या प्रत्येक बैलाला पाय, पायांना चाकं, पाठीवर वशिंड आणि चालण्या-थांबण्याचे गुण आयतेच मिळत. बैल घडून झाला की सुतार त्याच्या कानाशी लागे आणि सांगे, "तुझं नाव अमुक, तू अमक्याचा." मग बैल डोळे उघडायचा. पुढे धन्यानं नावानं हाक मारून 'थांब' म्हटलं की तो जागच्या जागी थांबे.

सुताराची मुलगी कौतिका भारी हिकमती. तिनं नाचणारा बैल करायचं मनावर घेतलं. साचा बापाचाच घ्यायचा, नाच तेवढा आपला घालायचा. पाय आणि चाकं पुन्हा नव्यानं कशाला जुळवत बसा? इथवर तिचं अगदी बरोबर होतं. शेजारच्या छोट्या यमीचा पाय अधू होता, तिला मिरवणुकीत चालता येत नसे. "यंदा तू बैलावर बसून नाचत येजो," असा शब्द कौतिकानं तिला दिला होता.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी बैल तयार झाला. कौतिका त्याच्या कानाशी वाकली, पण बापाचे ते रोजचे बोल म्हणायचा तिला कंटाळा आला. साचा बाबांचा आहे म्हणजे बाबांचं सगळं त्यात आलंच, असं मनाशी म्हणून तिनं एवढंच सांगितलं, "तू नाच."

बैलानं डोळे उघडले आणि काय नाचला म्हणता! यमीला पाठीवर घेऊन तो तोरणाखालून ठुमकत गेला. यमी टाळ्या पिटत होती, पोरं मागून ओरडत होती, आणि कौतिकाला आभाळ ठेंगणं झालं होतं. नाचता नाचता बैल गावतळ्याच्या उताराला लागला.

"थांब रे!" कौतिका ओरडली. बैल थांबेना. यमी आता वशिंडाला घट्ट मिठी मारून रडू लागली. कौतिका जिवाच्या आकांतानं धावत सुटली, मागून तिचा बाप धावला.

"नावानं हाक मार त्याले!" बाप ओरडला.

"नावच नाही ठेवलं, बाबा! तुमच्या साच्यातला हाय, मले वाटलं थे आपोआपच येईन."

"अवं पोरी, साच्यात नावाची जागा रायते, नाव नाही रायत! थे जलमताना कानात सांगा लागते!"

पाणी हाकेवर आलं होतं. कौतिकानं झेप घालून बैलाचं शिंग धरलं. गुडघे फुटले, तरी तिनं सोडलं नाही. फरपटत फरपटत ती त्याच्या कानाशी पोचली आणि म्हणाली, "तुहं नाव मोत्या. तू यमीचा." मग ओरडली, "यमे, हाक मार त्याले!"

"मोत्या, थांब!" यमी हुंदक्यातून कशीबशी म्हणाली.

बैल थांबला. त्याची पुढची चाकं पाण्यात होती.

कौतिका यमीला पोटाशी धरून रडली. "चुकलं माह्यं, बाबा," ती म्हणाली. "आता नाही करत नाचाचे बैल."

"काहून?" सुतारानं तिचे गुडघे पुसले. "नाच झकास हाय तुहा. फक्त आधी माह्यं सांगत जाय, मंग तुहं."

एवढ्यात यमीनं नाक पुसलं, वशिंडावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "मोत्या, नाच."

मोत्यानं तळ्याकडे पाठ फिरवली आणि तिला घेऊन नाचत चढ चढू लागला. वाटेत ती त्याला उगाचच थांबवी, आणि तो दर वेळी थांबे.

तात्पर्य एवढंच: वारशानं घडण मिळते, ओळख मात्र जन्मतानाच द्यायला हवी. आणि संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या पोरांनो, जुन्या क्लासवरून, म्हणजे प्रोग्रॅममधल्या साच्यावरून, नवा क्लास करता ना? मग नव्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे जन्मताना कानात सांगायच्या बोलांत, आधी जुन्याचा कन्स्ट्रक्टर बोलवा, मग खुशाल आपला नाच घाला.