हातांमधली जागा

“आणि नवस कुणाला बोलली होतीस? मला, की मारियामातेला?” म्हाताऱ्या अन्सेल्मोने भाता थांबवत विचारलं.

“मातेलाच,” रेमेदिओस म्हणाली. “पण मूर्ती तुम्हाला घडवायला सांगितली होती, बाबा. ती आता नको.”

तिचा गास्पार पहिल्यांदा खोल समुद्रात मासेमारीला निघाला, तेव्हा ती चर्चमध्ये गुडघे टेकून बोलली होती, माझं पोर सुखरूप घरी येऊ दे, बाळाला कडेवर घेतलेली तुझी लोखंडाची मूर्ती इथे बसवीन. आईचा जीव तो. नवस फळणारच, मग उशीर कशाला, म्हणून मूर्ती तिने आधीच सांगून टाकली.

होडी आली नाही. किनाऱ्याला लागली ती तिची एक फळी.

येत्या रविवारी गास्पारसाठी मृतांची प्रार्थना म्हणायची, असं दिराने पाद्रींना सांगून ठेवलं होतं. रेमेदिओसने हो म्हणायचं तेवढं बाकी होतं.

अन्सेल्मोची शिल्पं पॅरिसमध्ये नव्या कलेची म्हणून मांडली जात. स्पेनमधल्या या बंदरावर मात्र लोक म्हणत, म्हाताऱ्याने आणखी एक मोडकं कुंपण उभं केलं.

त्याने मूर्तीवरचं गोणपाट ओढून काढलं.

तापवून, ठोकून वाकवलेल्या थोड्याशा सळया. एक उतरता खांदा, एक झुकलेली मान. दोन हात, कुणाला तरी छातीशी धरावं तसे. आणि त्या हातांत... काहीच नाही.

“बाळ कुठंय?”

“नाही घडवलं.”

“माझी थट्टा करता, बाबा?”

“थट्टेला अख्खं गाव आहे की. त्यात माझी भर कशाला?”

“मग मोडून टाका ही.”

त्याने हातोडा तिच्याच हातात दिला. “मोड. लोखंडच ते, पुन्हा भट्टीत जाईल.”

तिने हातोडा उचलला.

“फक्त एवढं सांग,” तो म्हणाला. “हातांच्या मधली जागा आहे ना... ती कशी मोडशील?”

हातोडा वरच राहिला. मग सावकाश खाली आला.

रेमेदिओस पुढे झाली. तिने त्या सळयांच्या मधे हात घातला. लोखंड खरखरीत होतं. मधली हवा भट्टीच्या धगीने कोमट झाली होती.

ती तशीच उभी राहिली. डोळे वाहत होते, पण हात काही तिने काढला नाही.

“म्हणजे... येईल तो?”

“ते मला माहीत नाही, पोरी.”

“सगळे म्हणतात, मन घट्ट कर. मग रविवारी मी काय करू?”

अन्सेल्मोने भाता पुन्हा हलवला. निखारे हळूहळू लाल झाले.

“प्रार्थनेला जा, नाहीतर नको जाऊस. ते तुझं तू ठरव. मी हिच्या हातांत थोडी जागा ठेवलीय... तेवढी तूही ठेव.”